अकरा किलोमीटरांचा खाडा

आमच्या मोंब्रे गावात चालणाऱ्यांचं एक मंडळ आहे. नगरपालिकेच्या मागे, जिथं पूर्वी बंबाचे पाइप ठेवायचे, ती खोली मंडळाला मिळालेली आहे. तिथं ओकच्या लाकडाचा एक फळा टांगलाय. फ्रान्समधल्या ल प्वीपासून स्पेनमधल्या सान्तियागोपर्यंतची पंधराशे किलोमीटरांची जुनी यात्रेची वाट ज्यांनी सगळीच्या सगळी पायी केली, त्यांचीच नावं त्यावर पांढऱ्या रंगानं लिहायची, असा नियम. मधे कुठं गाडीत बसलात तर नाव नाही. या वसंतापर्यंत त्या फळ्यावर सात नावं होती आणि सातवं माझ्या नवऱ्याचं, आर्मांचं. त्याच्याखाली माझं नव्हतं. अकरा वर्षं मी त्याच्या मागून चालले, त्याच्या घोरण्यापासून ओल्या मोज्यांपर्यंत सगळं सोसलं, आणि फळ्यावर तो एकटाच.

नियम त्याचाच. मंडळाचा अध्यक्ष तोच आहे. पण नियम त्यानं माझा खाडा पडायच्या आधी केला होता, एवढं मी कबूल करते.

आम्ही दोघं देवाधर्मातले नाही. चर्चमध्ये जातो ते कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला. पण चालायला मनापासून आवडायचं, आणि एका दमात पंधराशे किलोमीटर जायला आर्मांला कुठली सुट्टी मिळायला. तो रेल्वेत, छोट्या स्टेशनचा स्टेशनमास्तर. म्हणून दरवर्षी मे महिन्यात आठ दिवस. आठव्या दिवशी जिथं थांबायचं, तिथल्या एखाद्या वस्तूला हात लावायचा, चर्चचं दार, बाक, पुलाचा कठडा, आणि पुढच्या मे महिन्यात गाडीनं तिथंच येऊन पुन्हा त्याच वस्तूला हात लावून निघायचं. एका वर्षी आमचा बाक नगरपालिकेनं हलवून रस्त्याच्या पलीकडे ठेवला होता. आर्मां आधी जुन्या जागी गेला, मातीला हात लावला आणि मगच निघाला. मला हसू आलं होतं आणि अभिमानही वाटला होता. म्हटलं, माणूस असावा तर असा काटेकोर.

त्याची दुसरी सवय वह्यांची. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामघरात, प्रत्येक खानावळीत एक वही ठेवलेली असते. येणाऱ्यानं दोन ओळी लिहाव्यात, नाव-गाव टाकावं. बहुतेक जण 'सूप छान होतं' लिहून मोकळे होतात. आर्मांला मात्र वही दिसली की राहवायचंच नाही. पाठीवरची पिशवी उतरायच्या आधी वही ओढायचा. तारीख, वेळ अगदी मिनिटापर्यंत, हवा कशी, काय खाल्लं, कुणी काय मदत केली, आणि खाली भली मोठी सही. स्टेशनवर चौतीस वर्षं रजिस्टर भरलेला हात तो.

खाडा पडला तिसऱ्या वर्षी, दक्षिणेत, गास्कनीत. मोंकाबर नावाच्या गावात मुक्कामघराच्या पायरीवरून माझा पाय मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. बाहेर पाऊस धो धो. मुक्कामघरवाली म्हणाली, "बाई, तुम्ही पिशव्यांच्या गाडीतून पुढं जा. लारेसाँ अकरा किलोमीटरवर आहे, तिथं डॉक्टर आहे." चालणाऱ्यांचं सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी गाडी असते, ती. मी आर्मांला म्हटलं, "आजचा दिवस इथंच थांबू या ना दोघं."

"वेळापत्रक चुकेल," तो म्हणाला. "तू जा. मी चालतो. निदान एकाची तरी वाट अखंड राहू दे."

गावाबाहेर दगडी क्रूस आहे, तिथपर्यंत गाडी त्याच्या मागून हळूहळू आली. साडेनऊ वाजले होते. अंगावर निळा रेनकोट घालून तो क्रूसापाशी उभा होता, त्यानं हात हलवला आणि मी गाडीत रडले. दुपारी साडेबाराला तो लारेसाँच्या मुक्कामघरात आला, गुडघ्यापर्यंत चिखल. मी सुजलेला पाय स्टुलावर ठेवून, काटकी घेऊन त्याच्या बुटांचा चिखल खरवडून काढला. त्याला म्हटलं, "किती रे हाल झाले तुझे."

"हाल?" तो म्हणाला. "मिरेय, तू काय घालवलंस ते तुला कळायचं नाही."

आणि तिथून ती दरी सुरू झाली.

त्यानं सांगितलं की मोंकाबरच्या पुढं पाचव्या किलोमीटरला वाट एका दरीत उतरते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, चेस्टनटची जुनी झाडं, आणि खाली एक झरा. झऱ्यापाशी साखळीला बांधलेला एक लोखंडी पेला. पाऊस तेवढ्यापुरता थांबला, धुकं वर सरकलं, आणि कड्यावरून एक हरीण त्याच्याकडे बघत राहिलं. अख्ख्या वाटेवर एवढी सुंदर जागा दुसरी नाही, आणि नेमकी तीच माझी चुकली.

पुढची दहा वर्षं ती दरी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. रविवारी माझा भाऊ जिल्बेर आणि त्याची बायको यायची. चीज टेबलावर आलं की आर्मां खुर्ची मागं सरकवायचा. "मिरेयला विचारू नका, ती तिथून गाडीनं गेली." पाहुणे हसायचे. मीही हसायचे. कुठं बाहेर दोन पावलं जास्त चालावं लागलं की, "टॅक्सी मागवू का तुला?" मी एखाद्या जागेचं कौतुक केलं की, "हो, बरी आहे, पण ती दरी पाहिली असतीस तर असं म्हणाली नसतीस." पायऱ्या चढताना, भांडताना, एकदा तर माझ्या आईच्या मयताहून परत येताना. मी म्हटलं होतं, आईची शेवटची भेट चुकली. तो म्हणाला, "तुझं नेहमी थोडक्यात चुकतं." हे मी विसरलेले नाही.

पण खरं सांगायचं तर दरीवर माझा राग नव्हता. माझा जीव जडला होता तिच्यावर. झोप लागत नसली की मी त्या वाटेनं उतरायचे. पाचवा किलोमीटर, मग चेस्टनट, मग झरा. पेल्याचं गार लोखंड ओठांना लागायचं. इतक्या वेळा गेले असेन मी तिथं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सान्तियागोला पोचलो. पुढच्याच महिन्यात मंडळात त्याचं नाव रंगवलं. फळ्यावर अक्षरं जिल्बेरच काढतो, त्याचा हात चांगला आहे. माझा भाऊच तो, म्हणाला, "आर्मां, हिचंही लिहून टाकतो की. अकरा किलोमीटर गेले, त्यात काय एवढं?"

आर्मांनं सगळ्यांसमोर सांगितलं, "नियम माझ्या बायकोसाठी वाकवला तर उद्या कोण ऐकेल? खाडा म्हणजे खाडा. भरून आली की लिहू."

मंडळी माना डोलवत होती. केवढा न्यायी माणूस.

भरून येणं काही अवघड नव्हतं. एका दिवसाचं काम. पण मी विषय काढला की त्याचं काहीतरी निघायचंच. आधी म्हणायचा, आपण मागं जात नाही, पुढं जातो. मग म्हणाला, त्या भागात आता सगळा शिकारीचा धुडगूस असतो. मग त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला घर सोडता येईना. एकदा मी नकाशा काढून बसले तर त्यानं हळूच तो घडी करून ठेवला आणि म्हणाला, "तिथं जाऊन काय करणार तू? झरा आता आटला असेल." इतक्या मायेनं म्हणाला की मला वाटलं, माझी निराशा होऊ नये म्हणून सांगतोय.

या मे महिन्यात मी कुणाला न विचारता तिकीट काढलं. माझं वय आता सत्तरीला टेकलंय. म्हटलं, घोटा धड आहे तोवर आपलं नाव त्या फळ्यावर गेलंच पाहिजे. आर्मां काठी टेकत दारापर्यंत आला.

"माझ्या जेवणाचं काय?"

"जिल्बेरची बायको देणार आहे."

"पाय परत मुरगळला म्हणजे?"

"तर पिशव्यांची गाडी आहेच की."

तो हसला नाही. तेव्हा मला वाटलं, एकटं राहायचं म्हणून चेहरा उतरलाय.

मोंकाबरला रात्र काढून सकाळी साडेनऊला मी दगडी क्रूसाला हात लावला. मुद्दाम साडेनऊला. हवा स्वच्छ होती. झाडांवर, खांबांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, वाट बरोबर आहे हे सांगणाऱ्या. त्या बघत निघाले. पहिला किलोमीटर मका. दुसरा किलोमीटर मका, नुकता वीतभर उगवलेला, आणि त्यात पाणी फवारणारी लांबलचक यंत्रं. तिसऱ्याला बदकांच्या लांब शेडी आणि त्यांचा वास. मग वाट डांबरी रस्त्याच्या कडेला लागली आणि विजेच्या मोठ्या मनोऱ्यांखालून सरळ जात राहिली. मी मनात म्हणत होते, असू दे, पाचव्यानंतर आहे. पाचवा आला. सहावा आला. जमीन टेबलासारखी सपाट.

आठव्या किलोमीटरला मी थांबले. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की मी चुकले. पट्टी कुठंतरी बघायची राहिली, दरी मागं गेली, तुझं नेहमी थोडक्यात चुकतं. मी उलटी फिरले. पाचव्या किलोमीटरपर्यंत परत गेले, डावीकडच्या शेतरस्त्यानं आत शिरले, एका नाल्यापर्यंत जाऊन आले, उजवीकडचं पॉप्लरचं रान पालथं घातलं. बुटांना मातीचे गोळे. दोन तास मी मक्याच्या शेतात दरी शोधत होते. ट्रॅक्टरवरच्या एका माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "दरी? बाई, इथं पाणी साचतं, कारण त्याला जायला उतार नाही."

तरीही मला शंका आली नाही. वाट बदलली असेल, असं मी ठरवून टाकलं. मालक भांडतात, वाट दुसरीकडून नेतात, असं होतं कधीकधी. दरी कुठंतरी जवळच असेल, फक्त आता तिथून जाता येत नाही. मी जुन्या वाटेची चौकशी करायचं ठरवून चालत राहिले.

लारेसाँला पोचले तेव्हा अडीच वाजले होते. आमचं ते मुक्कामघर चारला उघडणार होतं. गावाच्या खालच्या टोकाला, धुणं धुवायच्या जुन्या हौदापाशी एक खानावळ उघडी होती, म्हणून शिक्का घ्यायला तिथं गेले. चालणाऱ्यांकडे शिक्क्यांची एक वही असते, दोन्ही टोकांचे शिक्के असले की मधलं अंतर खरं. खानावळीची मालकीण साठीची, एप्रनला सारखे हात पुसणारी. जोझियान तिचं नाव, असं भिंतीवरच्या परवान्यावर लिहिलं होतं. तिनं शिक्का मारला, समोर कॉफी ठेवली.

"मोंकाबरहून एवढा वेळ?" ती म्हणाली. "लोक अडीच तासांत येतात. पायाला लागलंय का?"

"दरी शोधत होते. जुनी वाट कुठून जायची हो? चेस्टनटची झाडं, झरा, साखळीचा पेला. दहा वर्षांपूर्वीची वाट."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "माझा जन्म इथला. वाट आजोबांच्या वेळेपासून तीच. चेस्टनट या मातीत जगतच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या नवऱ्यानं. तो चालला होता तिथून. पावसात."

"मग दुसऱ्या कुठल्या गावचं मनात राहिलं असेल त्यांच्या. चालणाऱ्यांचं होतं तसं, सगळी गावं एकात एक मिसळतात." हे ती समजुतीनंच म्हणाली. मग वही पुढं केली. "लिहा काहीतरी."

वही बघून मला एकदम आर्मां आठवला. त्याच्या पायात आता बळ नाही, घरी काठी टेकत फिरतोय बिचारा. वाटलं, त्यानं इथंही लिहिलं असेल. त्याच्या ओळींखाली आपण दोन ओळी लिहाव्यात, फोटो काढून न्यावा, खूश होईल. देवाशपथ, मायेनंच विचारलं मी, "जुन्या वह्या ठेवता का?"

"जाळायचं मन होत नाही." तिनं कपाट उघडलं. वर्षवार लावलेल्या वह्या. ते वर्ष तिनंच काढून दिलं.

मे महिना शोधायला वेळ लागला नाही. त्याचं अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखेन.

'१४ मे, सकाळी १० वाजून ५ मिनिटं. मुसळधार पाऊस. मोंकाबरच्या क्रूसापाशी भिजत उभ्या असलेल्या वाटसरूला गाडीत घेऊन थेट इथं आणून सोडणाऱ्या बदकवाल्या गृहस्थांचे मनापासून आभार. मशरूमचं ऑम्लेट ल प्वीपासूनच्या वाटेवरचं सर्वोत्तम. शेकोटी उत्तम. आर्मां, मोंब्रे, बर्गंडी.'

खाली भली मोठी सही.

मी ते तीनदा वाचलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. चढावर, पाचेकशे पावलांवर, ते मुक्कामघर दिसत होतं जिथं मी त्या दिवशी बर्फ लावून बसले होते. तो इथं शेकोटीपाशी बसून ऑम्लेट खात होता आणि घड्याळ बघत होता. चिखलात अकरा किलोमीटरला तीन तास. साडेनऊ अधिक तीन. स्टेशनमास्तरचा हिशेब. निघताना हौदापाशी बूट चिखलात बुडवले असतील, आणि तो चिखल मी काटकीनं काढला.

लिहिलं तरी का त्यानं? माझ्या ते लगेच लक्षात आलं. वही समोर आली की हात थांबत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे या वाटेवर कुणी मागं येत नाही. कालच्या गावची वही आज कोण वाचणार? सगळे पुढंच जातात.

गाडीत बसला, याचा मला राग नव्हता. त्या पावसात कुणीही बसला असता. त्यानं संध्याकाळी हसत सांगितलं असतं तर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून मोंकाबरपासून सुरुवात केली असती. पण त्यानं त्याऐवजी एक दरी रचली. बरं, रचली ती रचली, दहा वर्षं रोज मला तिथून ढकलून दिलं. आणि माझा जीव जडला त्या दरीवर, ती मी आता कुठून आणू? त्या खानावळीत मी रडले ते नवऱ्याच्या खोटेपणासाठी नाही. त्या झऱ्यासाठी रडले.

जोझियाननं कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मी त्या पानाचा फोटो काढला. वहीत स्वतःचं काही लिहिलं नाही.

घरी आले तर आर्मांनं काहीच विचारलं नाही. एरवी मी बाजारातून आले तरी दहा प्रश्न विचारणारा माणूस. "पाय ठीक?" एवढंच. मी म्हटलं, "ठीक." त्यानं माझ्या शिक्क्यांची वही उलगडली, मोंकाबर बघितलं, लारेसाँ बघितलं. लारेसाँचा शिक्का खानावळीचा होता, हौदाचं चित्र असलेला. त्याच्या वहीतही तोच आहे. त्यानं वही मिटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी लिहायला सांगतो तुझं नाव."

गुरुवारी मंडळाची खोली भरली होती. जिल्बेरनं शिडी लावून आठवं नाव रंगवलं. आमच्याकडे रीत अशी की नाव लागलं की त्या माणसानं फळ्याखाली उभं राहून वाटेवरची एक जागा सांगायची, इतरांनी चुकवू नये अशी. माझ्या जाकिटाच्या खिशात फोन होता. आर्मां पहिल्या रांगेत, दोन्ही हात काठीवर ठेवून बसला होता.

जिल्बेर शिडीवरूनच म्हणाला, "ताई, आता तूच सांग. दहा वर्षं आम्ही याच्या त्या दरीचं ऐकतोय. खरंच तशी आहे, की हा फुगवून सांगतो?"

सगळे हसले. आर्मां हसला नाही. तो फळ्याकडे बघत होता, स्वतःच्या नावाकडे. मला त्या क्षणी नुसता फोन काढायचा होता. एक बोट लावलं असतं तर सातवं नाव खरवडून निघालं असतं, जिल्बेरच्या हातात पातं होतंच.

मी म्हटलं, "आर्मां सांगतो तशीच आहे. तंतोतंत. झरा, चेस्टनट, साखळीचा पेला. मी पाणीसुद्धा प्यायले."

टाळ्या पडल्या. आर्मांनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला सगळं समजलंय.

घरी परतताना गाडी मी चालवत होते. वेशीपाशी तो म्हणाला, "वही बघितलीस."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कशाला? तुझं नाव काढलं असतं, दोन महिने गावात चर्चा झाली असती, आणि तू सुटला असतास. मी दहा वर्षं बाळगली ती दरी. आता तू बाळग."

"मिरेय, मी एकदा सांगून बसलो, मग मागं घेता येईना. तू इतकी ऐकत होतीस."

हे मात्र खरं होतं. मी ऐकत होते.

त्यानंतर रविवारी चीज टेबलावर आलं की आर्मां आपला ताटात बघत बसतो. मग मीच म्हणते, "सांग ना रे, जिल्बेरला परत सांग. हरीण कुठल्या बाजूला होतं?" तो सांगतो. न सांगून जातो कुठं. आवाज बारीक झालाय. चुकला तर मी दुरुस्त करते, "पेला लोखंडी होता, आर्मां, पितळी नाही." जिल्बेरची बायको म्हणते, किती छान, आता दोघांची झाली ती जागा. मला यात सुख होतं का? पहिल्या दोन-तीन रविवारी झालं. आता होत नाही, पण थांबवताही येत नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी तो अंगणात काठीशिवाय चालत होता. गेटपर्यंत जायचा आणि परत, ओठ दाबून. तेरा फेऱ्या मी खिडकीतून मोजल्या. मग आत आला, घामाघूम, आणि माझा तो नकाशा ड्रॉवरमधून काढून माझ्यासमोर उलगडला.

"डॉक्टर म्हणाला, रोज तीनेक किलोमीटर जमतील," तो म्हणाला. "चार दिवस धरले तर अकरा होतात. मे महिन्यात. तू बरोबर आलीस तर. कुणाला सांगायची गरज नाही. फक्त एकदा पायांनी जाऊन येऊ दे मला, मिरेय."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. त्याचा हात नकाशावर होता, मोंकाबरच्या क्रूसावर. हो म्हणायला मला काही लागलं नसतं. तोंडात शब्द आलाही होता.

मी नकाशा हळूच घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"तिथं जाऊन काय करणार तू?" मी म्हटलं. "झरा आता आटला असेल."